पहिल्या पिंगला उशीर का होतो? घरच्या घरी, कमी खर्चात नेटवर्किंगची लॅब

दोन कॉम्प्युटर एका केबलने जोडा, दोघांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) द्या आणि एकावरून दुसऱ्याला पिंग करून बघा, म्हणजे 'आहेस का?' असं विचारून उत्तर येतं का ते बघा. उत्तरांच्या ओळी एकामागून एक येतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी किती मिलिसेकंद लागले तो आकडा असतो. पहिल्या ओळीतला आकडा बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा मोठा दिसतो. केबल तीच, कॉम्प्युटर तेच. मग पहिल्याच फेरीला उशीर का?

याचं उत्तर मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) शोधायची १९८२ सालची पद्धत. पण ते खरं समजलं, ते शेजारच्या खिडकीत टीसीपीडम्प, म्हणजे केबलवरून काय जातं-येतं ते दाखवणारी आज्ञा, चालू ठेवून पिंग दिला तेव्हा. पिंगच्या आधी तिथे एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा: "१०.०.०.२ कोणाकडे आहे? १०.०.०.१ ला सांगा." हा प्रश्न त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांपर्यंत जातो, पण ज्याचा पत्ता असतो तो एकटाच उत्तर देतो: माझा मॅक पत्ता अमुक अमुक. त्यानंतरच पहिला पिंग बाहेर पडतो. पुढच्या पिंगांना ही विचारपूस करावी लागत नाही, कारण उत्तर टिपून ठेवलेलं असतं. ते टिपण पुसून टाका आणि पुन्हा पिंग करा. पहिला आकडा पुन्हा मोठा येतो.

आता १०.०.०.९९ ला पिंग करा, म्हणजे जो पत्ता कोणाचाच नाही त्याला. लिनक्स एकेका सेकंदाने तीनदा तोच प्रश्न विचारतं आणि मग 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं सांगतं. ती ओळ नीट वाचा. हा निरोप कोणाकडून आलाय? तुमच्या स्वतःच्याच पत्त्यावरून. म्हणजे पिंग कॉम्प्युटरच्या बाहेर पडलाच नाही. तो कोणाच्या हाती द्यायचा, हेच कळलं नाही. यानंतर कोणी "पिंग जात नाही" असं म्हणालं की तुमच्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: निघालाच नाही, वाटेत हरवला, की तिथे पोहोचला पण उत्तर आलं नाही?

नेटवर्किंग येणं म्हणजे मुख्यतः हा दुसरा प्रश्न विचारता येणं, असं माझं मत आहे. आणि तो वाचून येत नाही. त्यासाठी लॅब लागते.

लॅबला खरं काय लागतं

लॅब म्हटलं की लोखंडी रॅक, त्यात रांगेने बसवलेले स्विच आणि निळ्या-पिवळ्या केबलींचे झुबके डोळ्यांसमोर येतात. असे फोटो बघून बरेच जण "आधी पैसे जमवू, मग शिकू" असं ठरवतात आणि वर्ष-दोन वर्षं तशीच जातात. माझा आग्रह आहे की पहिले तीन-चार महिने काहीही विकत घेऊ नका.

बोलणारी दोन टोकं हवीत. त्यांच्या मध्ये काहीतरी हवं, राउटर किंवा स्विच. वाटेत कुठेही डोकावून काय चाललंय ते बघता यायला हवं. आणि हे सगळं मोडलं तरी कोणाचं काही अडू नये, एवढी मुभा हवी. ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. ऑफिसच्या नेटवर्कवर तुम्ही जपून, भीत भीत काम करता. भीत भीत काम करणारा तेवढंच शिकतो जेवढं त्याला आधी माहीत होतं.

या चारही गोष्टी एका जुन्या लॅपटॉपमध्ये मिळतात. ८ जीबी रॅम असेल तर उत्तम, ४ जीबीतही बरंच होतं. त्यावर लिनक्स टाका, किंवा आहे त्या सिस्टीमवर व्हर्च्युअलबॉक्स घेऊन त्यात लिनक्स चालवा. व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल किंवा अतिशय संथ चालत असेल, तर आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का ते बघा. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. अनेक मशीनवर ती बंद असते आणि माणूस उगाच रॅमला दोष देत बसतो.

एका मशीनमध्ये अनेक बिऱ्हाडं

लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस नावाची एक सोय आहे आणि शिकणाऱ्यासाठी तिच्याइतकी स्वस्त आणि मस्त गोष्ट मला दुसरी माहीत नाही. एकाच घरात वेगवेगळी बिऱ्हाडं असावीत, तसं हे असतं. भिंती-छप्पर सामायिक, पण प्रत्येकाचं दार वेगळं, पत्ता वेगळा, कुठे जायचं त्याची वही वेगळी. प्रत्येक नेमस्पेसला स्वतःची नेटवर्क कार्डं, स्वतःचा राउटिंग टेबल, स्वतःचा एआरपी तक्ता आणि स्वतःचे फायरवॉलचे (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं त्याचे) नियम असतात. डॉकर या सॉफ्टवेअरमधले कंटेनर (प्रोग्रॅम चालवायचे वेगवेगळे कप्पे) एकमेकांपासून वेगळे राहतात तेही याच्याच जोरावर. पूर्ण व्हर्च्युअल मशीनला काही शे एमबी रॅम द्यावी लागते. नेमस्पेसला जवळजवळ काहीच लागत नाही. पन्नास केल्या तरी लॅपटॉपला जाणवत नाही.

त्यांना जोडायला 'व्हेथ' नावाची जोडी मिळते. ती केबलच समजा, फक्त दिसत नाही. एक टोक या नेमस्पेसमध्ये खोचायचं, दुसरं त्या.

एवढ्या सामानावर जो प्रयोग सगळ्यांनी करावा असं मला वाटतं, तो सांगतो. तीन नेमस्पेस करा: अ, ब आणि मध्ये राउटर. अ चा पत्ता १०.१.१.२. राउटरचं अ कडचं टोक १०.१.१.१ आणि ब कडचं टोक १०.२.२.१. ब चा पत्ता १०.२.२.२. सगळे पत्ते स्लॅश २४ चे, म्हणजे पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा यंत्राचा. सगळी टोकं चालू करायला विसरू नका. नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅकसुद्धा (स्वतःशीच बोलायचं टोक) बंद असतो. मग अ ला सांगा की बाहेरचं सगळं १०.१.१.१ कडे दे. ब ला मात्र मुद्दाम काहीच सांगू नका.

आता अ वरून ब ला पिंग करा. काहीच येत नाही. चूक झाल्याचा संदेश नाही, तक्रार नाही, नुसती शांतता.

इथे गूगल करू नका. राउटरच्या दोन्ही टोकांवर आणि ब वर अशा तीन खिडक्यांत टीसीपीडम्प लावा आणि बघा. राउटरच्या अ कडच्या टोकावर विनंती आलेली दिसते. ब कडच्या टोकावर ती दिसत नसेल, तर राउटर पाकिटं (माहितीचे तुकडे) पुढे देतच नाहीये. सर्वसाधारण लिनक्समध्ये पाकिटं पुढे देण्याची परवानगी मुळात बंद असते, कारण प्रत्येक कॉम्प्युटर काही राउटर नसतो. 'आयपी फॉरवर्ड' ही एक किंमत शून्यावरून एक करायची. ती एक केली की त्या लिनक्सचा राउटर झाला. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला कितीतरी वेळ खरंच वाटत नव्हतं की राउटर म्हणजे मुळात एवढंच असतं.

पुन्हा पिंग करा. अजूनही शांतता! पण खिडक्या बघा. आता विनंती ब कडच्या टोकावरही दिसते आणि ब च्या स्वतःच्या दारातही दिसते. ती पोहोचली आहे. उत्तर मात्र निघालेलं नाही. कारण ब ला १०.१.१ वाल्यांकडे जायची वाट कोणी सांगितलेलीच नाही. पत्र मिळालं, वाचलं, पण उत्तर टाकायचं कुठे?

जाण्याची वाट आणि परतीची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे सांगाव्या लागतात. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. तरीही नोकरीतल्या भल्याभल्यांचे तासन् तास यावरच जातात, कारण सगळं लक्ष जाण्याच्या वाटेवर असतं. मी स्वतः एकदा अख्खी रात्र फायरवॉलचे नियम उलटेपालटे करत बसलो होतो आणि पलीकडच्या सर्व्हरवर परतीची एक ओळ नव्हती. त्या रात्रीनंतर मी आधी पलीकडच्या टोकावर पाकीट पोहोचतंय का ते बघतो, बाकी सगळं नंतर.

ब ला डीफॉल्ट वाट द्या. पिंग चालू होईल. आता घाईने पुढे जाऊ नका, त्याच खिडक्या अजून पाच मिनिटं बघा. उत्तरात टीटीएल, म्हणजे पाकिटाला राउटर ओलांडायची किती मुभा उरली तो आकडा, ६३ दिसेल. ब कडून निघताना तो ६४ होता, वाटेत एक राउटर लागला, एक कमी झाला. मध्ये अजून एक राउटर घाला, ६२ होईल. आता टीसीपीडम्पला मॅक पत्तेही दाखवायला सांगा. राउटरच्या अलीकडे एक जोडी दिसते आणि पलीकडे दुसरीच. आयपी पत्ते मात्र दोन्हीकडे तेच. आयपी पत्ता म्हणजे मुक्काम आणि मॅक पत्ता म्हणजे पुढच्या थांब्यापर्यंतची सोबत. लेयर २ (मॅक पत्त्यांचा थर) आणि लेयर ३ (आयपी पत्त्यांचा थर) यांतला फरक मला तक्ते पाठ करून जो कळला नव्हता, तो इथे या दोन ओळी शेजारी शेजारी बघून कळला.

टीसीपीडम्पच्या ओळी रुक्ष वाटत असतील तर वायरशार्क घ्या. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी इथेरियल या नावाने हे काम सुरू केलं आणि २००६ मध्ये त्याचं नाव वायरशार्क झालं. ते फुकट आहे आणि पाकिटाचा एकेक रकाना उलगडून दाखवतं. माझी सवय अशी आहे की सर्व्हरवर टीसीपीडम्पने फाइलीत टिपायचं आणि सावकाश वायरशार्कमध्ये वाचायचं.

तयार सॉफ्टवेअरमधलं काय निवडायचं

ज्यांना आज्ञा टाइप करण्यापेक्षा चित्र काढून शिकायला आवडतं त्यांच्यासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे. नाव नोंदवलं की फुकट मिळतं, हलकं आहे, आणि पाकीट एका डब्यातून दुसऱ्यात जाताना थांबवून बघता येतं. अगदी पहिल्या महिन्यासाठी छान. पण एक लक्षात ठेवा, आत खरा राउटर नाही, राउटरसारखं वागणारी नक्कल आहे. नक्कल करणाऱ्याने ज्या गोष्टी घातल्या तेवढ्याच तिथे चालतात. आज्ञा बरोबर असूनही चालत नसेल, तर दोष तुमचाच असेल असं नाही.

जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालतं, फक्त लोखंडी डब्याऐवजी व्हर्च्युअल मशीनमध्ये. त्यामुळे ते खऱ्यासारखं वागतं आणि खऱ्यासारखीच रॅम खातं. अनेक कंपन्यांच्या या सॉफ्टवेअरच्या फाइली, म्हणजे इमेज, परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. कुठून तरी उतरवून घेतलेल्या इमेजवर शिकू नका. त्यात काय घातलेलं असेल सांगता येत नाही आणि तशी गरजही नाही. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरची सीएचआर ही व्हर्च्युअल आवृत्ती फुकट चालते. फुकट परवान्यात प्रत्येक पोर्टचा वेग १ एमबीपीएसपर्यंतच राहतो, पण शिकायला तेवढा भरपूर झाला. राउटरसाठी व्हायओएस आहे, फायरवॉलसाठी ओपीएनसेन्स आहे.

माझी स्वतःची पसंती मात्र एफआरआरला. ओएसपीएफ, बीजीपी, आयएस-आयएस असे राउटिंगचे (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायचे) प्रोटोकॉल लिनक्सवर चालवणारा हा मुक्त स्रोत संच २०१७ मध्ये जुन्या क्वागापासून वेगळा होऊन पुढे आला. आज्ञांची धाटणी सिस्कोसारखीच असल्याने शिकलेलं वाया जात नाही. आणि तो तुमच्या त्याच नेमस्पेसमध्ये किंवा कंटेनरमध्ये चालतो. कंटेनरलॅब नावाचं साधन घेतलं तर कोणता राउटर कोणाला जोडायचा ते एका मजकुराच्या फाइलीत लिहायचं आणि एका आज्ञेत अख्खं नेटवर्क उभं करायचं, दुसऱ्या आज्ञेत मोडायचं. मोडून पुन्हा उभं करणं एका मिनिटाचं काम झालं की हात मोकळा होतो.

बीजीपी शिकायला अनेक जण घाबरतात, "तो इंटरनेटवाल्यांचा प्रोटोकॉल" म्हणून. घरात दोन एफआरआर उभे करा. स्वायत्त प्रणालीचे, म्हणजे एकाच संस्थेच्या ताब्यातल्या नेटवर्कचे, ६४५१२ ते ६५५३४ हे क्रमांक खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यांतले दोन घ्या. शेजार जुळेल, पण एकही मार्ग इकडून तिकडे जाणार नाही. मार्ग मोजणाऱ्या रकान्यात आकड्याऐवजी 'पॉलिसी' असा शब्द दिसेल. हा बिघाड नाही. बाहेरच्या शेजाऱ्याकडून काय घ्यायचं आणि त्याला काय द्यायचं हे स्पष्ट लिहिल्याशिवाय काहीच देवाणघेवाण करू नये, असा २०१७ चा नियम आहे आणि एफआरआर तो पाळतं. चुकून भलतेच मार्ग जगाला जाहीर होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. घरच्या दोन राउटरांत ही शिस्त अंगात भिनली, तर पुढे खऱ्या कामात ती वाचवते.

आता थोडं सामान

सॉफ्टवेअरमध्ये केबल तुटत नाही, पोर्ट सैल होत नाही, वायफायचा सिग्नल भिंतीमागे जाऊन कमी होत नाही. या गोष्टींसाठी कधीतरी हातात वस्तू लागते. पहिली वस्तू कोणती असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पाच किंवा आठ पोर्टांचा, व्हीलॅन करता येणारा छोटा मॅनेज्ड स्विच. साधा स्विच घेऊ नका, तो तुम्हाला आत डोकावू देत नाही. घेताना आणखी एक सोय बघा, पोर्ट मिररिंग. एका पोर्टवरची सगळी ये-जा दुसऱ्या पोर्टवर उतरवून देणारी ही सोय असली की लॅपटॉप लावून वायरशार्कमध्ये ती बघता येते.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे आतून अनेक स्विच करणं. पोर्ट १ आणि २ एका गटात, ३ आणि ४ दुसऱ्यात. दोन गटांना एकमेकांचा पत्ताही लागत नाही. पण दोन्ही गटांची ये-जा एकाच केबलवरून राउटरकडे न्यायची असेल तर ओळखायचं कसं, कोणती फ्रेम (केबलवरून जाणारा माहितीचा तुकडा) कुणाची? त्यासाठी फ्रेमला ४ बाइटची चिठ्ठी लावतात. ८०२.१क्यू हे तिच्या मानकाचं नाव. त्या चिठ्ठीत गटाच्या क्रमांकासाठी १२ बिट असतात. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, दोन राखीव, उरले ४०९४. म्हणून व्हीलॅनचा क्रमांक ४०९४ च्या पुढे कधीच जात नाही. एका लॅपटॉपवर लिनक्स राउटर, एक केबल, एक छोटा स्विच, एवढ्यावर अनेक नेटवर्कं उभी राहतात.

माझ्या हातून झालेला एक अपघात इथे सांगायला हवा. टेबलावर केबलींचा गुंता होता आणि त्यात एका केबलची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये खोचली गेली. काही क्षणांत स्विचचे सगळे दिवे एका लयीत फडफडायला लागले. घरातलं इंटरनेट बंद. राउटरच्या पानावर जायचं तर तेही उघडेना. मी राउटर बंद-चालू केला, काही फरक नाही. दिवे बघून शेवटी उमगलं, केबल उपटली आणि तत्क्षणी सगळं शांत झालं.

काय झालं होतं? सगळ्यांसाठी पाठवलेली फ्रेम, उदाहरणार्थ तोच एआरपीचा प्रश्न, ज्या पोर्टवरून आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर स्विच देतो. वर्तुळ झालं असेल तर ती एका टोकातून बाहेर पडते, दुसऱ्यातून आत येते, पुन्हा सगळीकडे जाते. आयपी पाकिटाला टीटीएल असतो, प्रत्येक राउटरवर एक कमी होत तो संपतो. इथरनेट फ्रेमला तसं आयुष्य दिलेलंच नाही. ती फिरतच राहते आणि प्रत्येक नवी फ्रेम त्यात भर घालते. याच दुखण्यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री शोधला. स्विच आपसात बोलून ठरवतात की कोणती वाट सध्या बंद ठेवायची, म्हणजे वर्तुळ उरत नाही आणि चालू वाट तुटली की बंद ठेवलेली उघडता येते. स्पॅनिंग ट्री चालवणारा स्विच मिळाला तर हाच अपघात मुद्दाम करून बघा, एकदा तो बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत केबल लावल्यावर पोर्ट सुरू व्हायला साधारण ३० सेकंद का लागतात, तेही तेव्हाच कळतं. १५ सेकंद ऐकण्यात जातात, १५ शिकण्यात.

दुसरी वस्तू म्हणजे कपाटात पडलेला जुना वायफाय राउटर. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त लिनक्स) बसतं का ते त्यांच्या यादीत बघा. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर निश्चिंत, त्याहून कमी असेल तर नव्या आवृत्त्यांसाठी ओढाताण होते. मॉडेलच्या नावाबरोबर त्याची हार्डवेअर आवृत्तीही जुळायला हवी. नाव तेच पण आतली चिप वेगळी, असं सर्रास असतं, आणि चुकीची फाइल टाकली तर राउटर उठत नाही.

मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले रॅकमधले स्विच स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. घ्यायच्या आधी दोन गोष्टींचा विचार करा. त्यांतले छोटे पंखे प्रचंड आवाज करतात, झोपायच्या खोलीत ते चालणं शक्य नाही. आणि वीज. ६० वॉटचा स्विच दिवसभर चालू राहिला तर रोज १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिट. ५ वॉटचा छोटा स्विच महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. फुकट मिळालेला मोठा डबा वर्षभरात फुकट राहत नाही. घेतलाच तर कन्सोल केबल (स्विचशी थेट बोलायची केबल) सोबत घ्या, आणि अभ्यास संपला की बटण बंद करा.

घरच्यांचं इंटरनेट वेगळं ठेवा

लॅब घराच्या नेटवर्कमध्येच मिसळली की मोडायची मुभा संपते. माझ्याकडून हेही झालंय. लॅबमध्ये डीएचसीपी सर्व्हर उभा केला होता आणि केबल घरच्या स्विचला लागलेली होती. घरातले फोन एकेक करून बंद पडायला लागले, म्हणजे वायफाय जोडलेलं दिसायचं पण काही उघडायचं नाही. डीएचसीपीत यंत्र "मला पत्ता कोण देईल?" असं सगळ्यांना विचारतं आणि बहुधा जो आधी बोलेल त्याचा पत्ता घेतं. माझा लॅबचा सर्व्हर घरच्या राउटरपेक्षा चपळ निघाला. आणि सर्व्हर बंद केल्यावरही गोंधळ लगेच थांबला नाही, कारण फोनना तो पत्ता काही तासांसाठी दिला गेला होता आणि ते तो धरून बसले होते.

म्हणून लॅबच्या आणि घराच्या मध्ये लॅबचा स्वतःचा राउटर असू द्या. घराकडे त्याचं एकच टोक, बाकी सगळं त्याच्या मागे. पत्त्यांचा पट्टाही वेगळा घ्या. घरचा राउटर बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा पट्टा वापरतो, तुम्ही १० किंवा १७२.१६ ने सुरू होणारा घ्या. हे तिन्ही पट्टे १९९६ पासून खासगी वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत. दोन्हीकडे एकच पट्टा घेतला तर राउटरला इकडचं कोण आणि तिकडचं कोण ते कळत नाही, आणि अशा चुकीचं कारण शोधणं अतिशय चिकट काम असतं.

मुद्दाम मोडायचे काही प्रयोग

प्रत्येक प्रयोगाआधी वहीत एक ओळ लिहा: आता काय होईल असं मला वाटतं. मग एंटर दाबा. अंदाज बरोबर आला तर पुढे जा. चुकला तर तिथेच थांबा, कारण शिकण्यासारखं जे काही आहे ते त्या चुकलेल्या अंदाजात आहे. ही वही मी अजूनही ठेवतो.

दोन राउटरांत ओएसपीएफ लावा आणि तिसऱ्या राउटरमधून पर्यायी वाट द्या. पिंग चालू ठेवून मधली केबल तोडा. दोघे थेट जोडलेले असतील तर वाट चटकन बदलते, कारण दार बंद झाल्याचं राउटरला तत्काळ कळतं. आता दोघांच्या मध्ये एक स्विच घाला आणि पलीकडच्या राउटरची केबल काढा. या बाजूच्या राउटरचं दार अजून उघडंच आहे, दिवा लागलेला आहे. शेजारी दर १० सेकंदांनी हाक मारतो, ४० सेकंद हाक आली नाही तर गेला असं समजायचं, हा इथरनेटवरचा ठरलेला हिशेब. पिंगच्या ओळी जवळपास ४० सेकंद थांबलेल्या दिसतील. त्या ४० सेकंदांत स्क्रीनकडे बघत बसलात की टायमर कमी करायची सोय का दिली आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

लिनक्समध्ये 'टीसी' या आज्ञेतून 'नेटएम' वापरून केबल मुद्दाम खराब करता येते. १०० मिलिसेकंदांचा उशीर घाला, शंभरातलं एक पाकीट हरवू द्या, आणि आयपर्फने वेग मोजा. केबल तीच आहे, तरी वेग कोसळतो. एका वेळी ६४ केबीच माहिती पोचपावतीशिवाय पाठवता येत असेल आणि पोचपावती यायला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर केबल कितीही जाड असली तरी सेकंदाला साधारण ५ मेगाबिटच्या वर जाता येत नाही. हा भागाकार कागदावर स्वतः करून बघा. आजच्या सिस्टीम ही ६४ केबीची मर्यादा वाढवून घेतात, आणि ती सोय बंद करून फरकही बघता येतो.

शेवटचा प्रयोग माझ्या सगळ्यात आवडीचा. अ आणि ब च्या मध्ये आता दोन राउटर ठेवा आणि त्या दोघांना जोडणाऱ्या दुव्याचा एमटीयू (एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार) दोन्ही टोकांवर १५०० वरून १४०० करा. व्हीपीएन किंवा बोगदा असला की खऱ्या आयुष्यात असंच होतं. वायरगार्डचा ठरलेला एमटीयू १४२० असतो. मग दोन्ही राउटरांच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपीचा (पिंग आणि अडचणींचे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलचा) 'पाकीट मोठं आहे, तुकडे करावे लागतील' हा निरोप अडवा. खूप जण सुरक्षेच्या नावाखाली हे नकळत करतात. आता साधा पिंग चालतो. ब वरच्या वेब सर्व्हरशी जोडणीही होते, कारण सुरुवातीची पाकिटं लहान असतात. आणि मोठं पान मागितलं की ते अर्धवट लटकतं. पाठवणारा १५०० बाइटची पाकिटं पाठवतोय, राउटर ती टाकून देतोय आणि टाकून दिल्याचा निरोप परत पोहोचत नाहीये.

पकडायचं कसं? पिंगला तुकडे करायची मनाई करा आणि आकार १४७२ द्या. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. जात नाही. १३७२ द्या, जातो. १३७३ द्या, पुन्हा शांतता. एका बाइटचा फरक, आणि "कधी चालतं, कधी चालत नाही" या तक्रारीमागची नेमकी जागा हाती लागते. मग फायरवॉलमधला तो नियम काढा आणि खिडकीत बघा: राउटरकडून एक छोटा निरोप परत येतो, त्यात १४०० हा आकडा लिहिलेला असतो, आणि अडकलेलं पान उघडतं.